३४ स्लाइड, १२ मिनिटं आणि एक हात

ताई, सादर नमस्कार.
मी निफाड तालुक्यातली, वय २६. कृषी शाखेत पीएच.डी. करते, विषय कांदा साठवण. आमच्या एका आणि शेजारच्या दोन कांदाचाळींत (कांदा साठवायच्या बांबूच्या हवेशीर शेडमध्ये) तापमान-आर्द्रतेचे सेन्सर लावून दोन हंगाम नोंदी घेतल्या. पुढच्या महिन्यात नाशिकला परिषद आहे, तिथे माझा पेपर तोंडी सादरीकरणासाठी निवडला गेलाय. सत्र जेवणानंतरचं, १२ मिनिटं बोलायचं, ३ मिनिटं प्रश्न, सगळं इंग्रजीत. माझ्या ३४ स्लाइड झाल्यात. गाइड म्हणतात, अजून दोन तक्ते टाक, काही सुटायला नको. कॉलेजच्या सेमिनारला मी मध्येच गप्प झाले होते, पुढचं वाक्यच आठवेना. ते अजून डोक्यातून जात नाही. मराठी माध्यमातून आलेय, इंग्रजी लिहिता येतं, बोलताना अडखळते. त्यात बाबा म्हणतात, मीपण येतो ऐकायला. त्यांना इंग्रजी कळत नाही. नको म्हणवत नाही आणि या म्हणायचीही भीती वाटते. सोबत स्लाइड आणि भाषणाचा मसुदा जोडलाय. काय करू?
– एक कांदेवाली, निफाड तालुका

प्रिय कांदेवाली,

तुला अगं-तुगं करते. माझ्या पहिल्या बॅचच्या विद्यार्थिनी आता तुझ्या आईच्या वयाच्या आहेत.

३४च्या ३४ स्लाइड पाहिल्या. आधी फोनवर पाहिल्या, काही वाचता येईना. मग नातवाचा लॅपटॉप मागून घेतला. पहिल्या अठरा स्लाइडमध्ये तू सांगतेस की भारतात कांदा पिकतो, उन्हाळ कांदा साठवावा लागतो, साठवला की सड, मोड आणि वजनघट अशा तीन वाटांनी तो कमी होतो, आणि यावर आजवर कोणी कोणी काम केलंय. अगं, त्या सभागृहात राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयातून आलेलं कोणीतरी बसलेलं असेल, लासलगावच्या बाजारात आयुष्य गेलेलं कोणीतरी असेल. कांदा साठवावा लागतो हे त्यांना सांगण्यात तुझी निम्मी वेळ जाणार. आणि मग एकोणिसाव्या स्लाइडवर, उजव्या कोपऱ्यात, काड्यापेटीएवढा एक फोटो आहे. चाळीच्या बांबूंच्या फटीतून कोपरापर्यंत आत गेलेला हात. मनगटाला विटलेला लाल दोरा. खाली बारीक इंग्रजीत लिहिलंस, ‘पारंपरिक पद्धतीने तपासणी’.

तो हात बाबांचाच ना? तिथून सुरू कर.

पहिली स्लाइड तो फोटो, भिंतभर. अक्षर एक नको. आणि तू म्हणायचंस: हे माझे वडील. जुलैत रोज सकाळी ते असा हात घालतात आणि मग हात नाकाशी नेतात. वास आला की कळतं आत सडायला लागलं. पण वास येतो तोवर उशीर झालेला असतो. वासाच्या आधी कळेल का, एवढंच आम्ही दोन हंगाम शोधत होतो.

चाळीस सेकंद झाली आणि तुझा अख्खा प्रश्न लोकांपुढे आला. ‘रिस्पेक्टेड डिग्निटरीज ऑन द डायस’पासून सुरू होणारी आपल्याकडची ती लांबलचक आरती मात्र गाळ. सत्राध्यक्षांना नमस्कार, सगळ्यांना गुड आफ्टरनून, बास. कोणी रागावत नाही, उलट बरं वाटतं.

तुझी खरी अडचण इंग्रजी नाही आणि भीतीही नाही. पेपर आणि भाषण या दोन गोष्टी तू एक समजतेयस. पेपर लिहून झालाय. ज्याला प्रत्येक आकडा हवा तो पेपर मागेल, वाचेल, तुला मेल करेल. १२ मिनिटांत फक्त एवढंच करता येतं की त्याला तो पेपर उघडावासा वाटावा.

तेव्हा आधी लॅपटॉप बंद कर आणि कागदावर एक वाक्य लिही. परिषदेत जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभा असलेला माणूस, तुझ्या सत्राला न आलेल्या मित्राला तुझ्याबद्दल काय सांगेल? ‘एक मुलगी होती, कांद्यावर बोलली’ इतकंच सांगितलं तर तू हरलीस. तुझ्या स्लाइड चाळून मला जे वाक्य सापडलं ते असं: चाळीच्या मध्यभागातली हवा, वास यायच्या आधीच सांगते की कांदा बिघडतोय. किती दिवस आधी, तो आकडा मी इथे फोडत नाही. तो तुझ्या तोंडून आधी परिषदेत जाऊ दे. (आणि हो, तो आकडा सध्या २७व्या स्लाइडवरच्या तक्त्यात चौथ्या रकान्यात आहे. मला दोनदा शोधावा लागला.)

हे वाक्य समोर चिकटव आणि प्रत्येक स्लाइडला विचार, तू या वाक्याला काय देतेस? चौदा स्लाइड पूर्वीच्या संशोधनाच्या, त्यांचं एक बोललेलं वाक्य होतं. ‘साहित्य आणि पद्धती’च्या पाच स्लाइडचा एक फोटो होतो: चाळ आडवी दिसतेय आणि जिथे जिथे सेन्सर होते तिथे ठिपके. निकालाच्या तीन, त्यांना हात लावू नकोस, त्याच तुझ्या आहेत. काय करता येईल याची एक. मी मोजून पाहिलं, आठ-नऊ उरतात.

आता तुझे गाइड. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांची भीतीही खरी आहे. उद्या कोणी विचारलं आणि तक्ता नसला तर नाव त्यांचंही जातं. म्हणून काही फेकायचं नाही. शेवटच्या स्लाइडनंतर एक कोरी काळी स्लाइड टाक आणि तिच्यामागे त्यांचे सगळे तक्ते, तेही दोन नवे धरून, ओळीने लाव. त्यांना सांग, ‘सर, सगळं आहे, प्रश्न आला की लगेच दाखवते.’ कुठला तक्ता कितव्या नंबरवर आहे याची चिठ्ठी हातात ठेव. पॉवरपॉइंट चालू असताना कीबोर्डवर १७ दाबून एंटर केलं की थेट १७वी स्लाइड उघडते. बाण दाबत दाबत मागे-पुढे जाणारे वक्ते पाहिलेस ना, तसं होत नाही. प्रश्न आला, नंबर दाबला, तक्ता हजर. गाइडची मान ताठ होईल ती तिथे.

तरी त्यांचं मन वळेना तर त्यांना कोलंबियाची स्लाइड सांग. १ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचं कोलंबिया अंतराळयान पृथ्वीकडे परतताना फुटलं. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. उड्डाणाच्या वेळी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला होता, आणि यान वर फिरत होतं तेव्हाच अभियंत्यांनी त्या धक्क्याचा हिशेब स्लाइडवर मांडून वरिष्ठांना दाखवला होता. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. त्याखाली मुद्दे, उपमुद्दे, उपउपमुद्दे. आणि तळाशी, सगळ्यात बारीक अक्षरांत, खरी गोष्ट: चाचणीत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा, इथे प्रश्न होता तो १९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट. एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने या एका स्लाइडची ओळ न् ओळ सोलून काढली आणि चौकशी मंडळाने त्याच वर्षीच्या अहवालात ते विश्लेषण घेतलं. वरिष्ठाने ही स्लाइड वाचूनही जीवावर बेतलंय हे त्याच्या लक्षात न येणं सहज शक्य होतं, असं मंडळाने म्हटलं. लपवलं काहीच नव्हतं. सगळं लिहिलेलं होतं, फक्त तळाशी.

तुझा चौथा रकाना आठव.

आणि चाळ भरायचं तर तुला मी काय शिकवणार? थर चार-पाच फुटांच्या वर चढवला की खालचा कांदा दबतो, हवा खेळत नाही, आणि वरून सगळं ठीक दिसत असताना तळातून पाणी सुटतं. जागा शिल्लक आहे म्हणून बाबा कधी दोन पाट्या वर टाकतात का? स्लाइडवर तू टाकतेस.

मीही टाकल्या आहेत. माझी पहिली परिषद, गाव सांगत नाही. तेव्हा ट्रान्सपरन्सी असायच्या, प्रोजेक्टरच्या काचेवर ठेवायचे पारदर्शक कागद. विषय बुरशीचा, मी रात्र रात्र जागून रंगीत पेनांनी बावीस कागद लिहिले होते. पावसाळी हवेने ते एकमेकांना चिकटले. एक ओढला की तीन यायचे. नंबर घातले नव्हते, कारण क्रम तर मला पाठ होता! दहाव्या मिनिटाला घंटी वाजली तेव्हा मी ‘पद्धती’वर होते. अध्यक्षांनी चिठ्ठी सरकवली, त्यावर फक्त ‘निष्कर्ष?’ एवढंच लिहिलं होतं. निष्कर्षाचा कागद सापडेना. मी धन्यवाद म्हणून खाली बसले. दोन वर्षांचं काम होतं, त्यातून काय निघालं हे त्या खोलीत आजपर्यंत कोणाला माहीत नाही. पुढे मी स्वतः अध्यक्ष म्हणून घंटी घेऊन बसायला लागले तेव्हा दिसलं की माझ्यासारखे निम्मे तरी असतात. सगळे ‘पद्धती’त बुडतात.

स्लाइडबद्दल थोडं, फार नाही. मथळ्यात विषय लिहू नकोस, निकाल लिही. ‘आर्द्रतेचा परिणाम’ हा मथळा झाला नाही, ती फायलीवरची चिठ्ठी झाली. ‘आर्द्रता कडेला नव्हे, मध्यात आधी चढते’ असं पूर्ण वाक्य लिहिलंस की खालचा आलेख वाचायचा कसा ते माणसाला आपोआप कळतं. तू पाय-चार्ट तिरपा आणि जाड करून टाकलायस, वड्यासारखा. तिरपा केला की पुढचा तुकडा उगाच मोठा दिसतो, आणि हॉलमधला एखादा खवचट माणूस नेमकं तेच विचारतो. साधे खांब काढ. रेषांना नावं रेषांच्याच शेजारी लिही, कोपऱ्यातल्या चौकटीत नको. लोकांची मान टेनिस बघितल्यासारखी हलते. लाल आणि हिरव्या रेषा शेजारी नकोत, काही पुरुषांना त्या सारख्याच दिसतात. निळा आणि केशरी घे. अक्षर किती मोठं हवं? लॅपटॉप टेबलावर ठेव, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहा, वाचता आलं तर चालेल. तक्ता जसाच्या तसा चिकटवून ‘आय नो यू कॅनॉट रीड धिस’ म्हणणारे विद्वान मी फार पाहिलेत. वाचता येणार नाही हे माहीत आहे तर दाखवता कशाला, हे विचारायचं धाडस मला निवृत्तीनंतरच झालं.

तुझ्या एका स्लाइडवर बाबांच्या वहीतल्या नोंदी मराठीत टाइप केल्यात, चांगल्या आहेत. पण कुठल्या फॉन्टमध्ये? जुन्या डीटीपी फॉन्टात असतील तर परिषदेच्या लॅपटॉपवर त्याची जिलबी होईल. युनिकोडमध्ये टाइप कर. त्याहून बरं म्हणजे वहीच्या त्या पानाचाच फोटो टाक, बाबांच्या अक्षरात. आणि सगळ्याची पीडीएफ प्रतही पेन ड्राइव्हवर घे, ती कुठेही तशीच उघडते.

आता बोलणं. सेमिनारला तू का अडकलीस याचा माझा अंदाज सांगू? तू सगळं शब्दशः पाठ केलं होतंस. पाठांतराची साखळी असते, एक कडी निसटली की पुढचं सगळं हातातून जातं. पाठ करायची फक्त पहिली तीन वाक्यं आणि शेवटची दोन. पहिली तीन, कारण तेव्हा छाती धडधडत असते आणि तोंडाला आपोआप चालता आलं पाहिजे. शेवटची दोन, कारण नाहीतर माणूस ‘सो… यस… दॅट्स इट’ करत विझतो. मधलं चित्रांवरून बोलायचं: हात, चाळ, ठिपके, रेषा, वही. चित्र पाहिलं की तुला तुझ्याच चाळीत काय झालं ते सांगायचंय, ते काय विसरणारेस?

तरीही अडकलीस तर? अडकशीलही. तेव्हा समोर बघायचं नाही, स्लाइडकडे वळायचं, मथळा मोठ्याने वाचायचा. म्हणूनच तो पूर्ण वाक्यात हवा. पाण्याचा घोट घे. तुला ते चार सेकंद चार मिनिटांसारखे वाटतील. समोरच्यांना वाटतं बाई विचार करून बोलतेय.

इंग्रजीचं म्हणशील तर १२ मिनिटांत सावकाश बोलून बाराशे-तेराशे शब्दांच्या वर जात नाहीत. तुझ्या मसुद्यात मी अंदाज घेतला, अडीच हजार आहेत. ते बसवायचे तर धावावं लागेल, आणि धावताना जीभ अडखळते. म्हणजे तुझं निम्मं अडखळणं भाषेमुळे नाही, घाईमुळे आहे. शब्द निम्मे कर. वाक्यं तोड. लिहिताना ‘व्हिच वॉज सबसिक्वेंटली ऑब्झर्व्हड टू बी’ चालतं, तोंडाने फक्त ‘वी सॉ’ म्हण. ज्या शब्दावर दर वेळी घसरतेस तो बदलून टाक, त्याच्याशी कुस्ती खेळू नकोस. आणि ‘चाळ’ला ‘स्टोरेज स्ट्रक्चर’ म्हणायची गरज नाही. पहिल्यांदा एका वाक्यात समजाव, मग चाळच म्हण. तो तुझा शब्द आहे, तो म्हणताना तुझा आवाज स्थिर होईल बघ.

उच्चारांची लाज सोड. मे महिन्यात गोदाघाटावर आमची वसंत व्याख्यानमाला भरते, यशवंतराव महाराज पटांगणावर. लहानपणापासून ऐकत आलेय. शेजारी नदी, मागे देवळांच्या घंटा, वरून उकाडा, पडदा नाही, प्रोजेक्टर नाही. त्या गर्दीत मोठमोठ्या पदव्यांची माणसं बोलताना लोक उठून गेलेले पाहिलेत आणि अडखळत बोलणाऱ्याला शेवटपर्यंत ऐकलेलंही पाहिलंय. उठून कोण जात होतं? ज्यांना वक्ता आपल्याशी बोलतोय असं वाटत नव्हतं ते.

सराव उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून. मनातल्या मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं, तो हिशेब खोटा. एकदा फोनवर रेकॉर्ड करून ऐक. ऐकवणार नाही, तरी ऐक. तू ‘बेसिकली’ किती वेळा म्हणतेस ते कळेल. घरी साडेदहा मिनिटांत संपलं पाहिजे, तेव्हा तिथे बारात संपतं.

आणि आता जे कुठल्याच पुस्तकात लिहीत नाहीत ते. परिषद आपल्याकडची आहे. दीपप्रज्वलन होणार, त्यातली एक वात विझणार, स्वागतगीत होणार, शाल-श्रीफळ होणार, प्रमुख पाहुणे मुंबई-आग्रा महामार्गावर द्वारक्याच्या चौकात अडकणार. तुझं सत्र जेवणानंतरचं आहे असं तू लिहिलंस. म्हणजे तुझ्या आधी पाऊण तास उशीर झालेला असेल, आणि अध्यक्ष हसतमुखाने म्हणतील, ‘मॅडम, प्लीज, आठ मिनिटांत आटपा.’ शंभरातले नव्वद जण यावर काय करतात? तेच १२ मिनिटांचं भाषण दीडपट वेगाने म्हणतात. तू आठ मिनिटांचं वेगळं घेऊनच जा. कुठल्या तीन स्लाइड ओलांडायच्या ते घरीच ठरव, त्यांच्या कोपऱ्यात तुलाच कळेल असा ठिपका काढ. त्या तीन काढूनही तुझं वाक्य शाबूत राहिलं पाहिजे. राहत नसेल तर ओलांडायच्या तीन चुकल्यात. हा सराव दोनदा कर, १२च्या सरावापेक्षा हाच उपयोगी पडेल असं मला वाटतं.

सकाळी लवकर जा, हॉल रिकामा असताना. स्लाइड त्यांच्या मशीनवर उघडून शेवटपर्यंत फिरव. माइक हातातला आहे की पोडियमवरचा ते बघ. पोडियमवरचा असेल तर पडद्याकडे वळलीस की आवाज गेला. लेझर पॉइंटर घेऊ नकोस. हात थरथरत असला तर तो लाल ठिपका साऱ्या हॉलला सांगतो, भिंतीवर काजवा सोडल्यासारखा. काय दाखवायचंय त्याच्याभोवती स्लाइडवरच गोल काढून ठेव. जेवणानंतर कोणी दिवे मालवायला लागलं तर हात जोडून थांबव. बासुंदी, एसी आणि अंधार, यापुढे कोणाचंच संशोधन टिकत नाही. आणि लोकांनी पडदा सोडून तुझ्याकडे बघावं असं वाटलं तर कीबोर्डवरचं बी दाब. पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. बाबांच्या वहीबद्दल सांगताना करून बघ.

शेवटी गुलाबाच्या फुलांची ‘थँक यू’ स्लाइड नको. प्रश्नोत्तरांची तीन मिनिटं पडद्यावर जे राहतं ते लोक फोनमध्ये टिपतात. तिथे तुझं वाक्य आणि तो एक आलेख राहू दे.

प्रश्न आला की आधी तो स्वतःच्या शब्दांत परत म्हण. मागच्यांना ऐकू गेलेला नसतो, तुला दहा सेकंद मिळतात, आणि तू चुकीचं समजली असशील तर तिथेच कळतं. कोणीतरी प्रश्न न विचारता स्वतःचंच छोटं भाषण देईल, असा एक माणूस प्रत्येक परिषदेत ठेवलेलाच असतो. ‘चांगला मुद्दा आहे, चहाच्या वेळी बोलूया’ म्हण आणि पुढच्या हाताकडे बघ. तीनच चाळी का, असं विचारणारच. त्याचं उत्तर आत्ताच लिहून ठेव आणि बचाव करू नकोस: तीनच होत्या, म्हणून आम्ही सगळ्या चाळींबद्दल दावा करत नाही. लासलगावला किरणोत्सर्गाने कांद्याचे मोड रोखायची सोय आहे, मग हे कशाला, असंही कोणी विचारेल. मोड आणि सड हे दोन वेगळे शत्रू आहेत, एवढं सांगितलंस की पुरे. जे माहीत नाही त्याला ‘आम्ही ते मोजलं नाही’ म्हण. बनवून सांगितलेलं उत्तर तज्ज्ञाला ताबडतोब कळतं, आणि मग आधीच्या खऱ्या उत्तरांवरही तो शंका घेतो. कोणी शेतकऱ्याने मराठीत विचारलं तर मराठीतच उत्तर दे, मग अध्यक्षांसाठी एक ओळ इंग्रजीत.

राहिले बाबा. त्यांना आण. पण परिषदेच्या आधी एका संध्याकाळी चाळीपाशी खाटेवर बसव आणि सगळं मराठीत सांग, स्लाइड न दाखवता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. इंग्रजीतल्या दहा सरावांपेक्षा हा एक. ते मध्ये थांबवतील, ‘म्हणजे गं?’ म्हणतील. जिथे थांबवतील तिथे तुझं भाषण कच्चं आहे, ती जागा कागदावर टिप. त्यांना पटलं नाही असं काही निघालं, ‘मध्यात नाही, आधी पश्चिमेकडनं बिघडतं’ असं काही, तर ते उडवून लावू नकोस. नोंदी पुन्हा काढून बघ. त्यांचा हात त्या चाळीत तुझ्या सेन्सरच्या आधीपासून आहे. एवढं झालं की इंग्रजी कळलं नाही तरी त्यांना प्रत्येक चित्र ओळखीचं असेल, आणि पहिल्याच स्लाइडवर स्वतःचा हात भिंतभर दिसेल. त्याबद्दल त्यांना आधी सांग मात्र. फोटोला त्यांची हरकत नाही ना, हेही विचार. आपण घरच्यांना विचारायचं विसरतो.

त्यांना पहिल्या रांगेत बसवू नकोस, तिथे पाहुण्यांना जागा करायला कोणीतरी उठवतं आणि मग तुझं लक्ष सगळं तिकडे. तिसरी रांग, कडेची खुर्ची. आणि सोबतच्या माणसाचं जेवणाचं कूपन आत्ताच मेल करून मागून घे. आयत्या वेळी रजिस्ट्रेशनच्या टेबलावर ते मिळत नाही.